एक पाटा जादा

अब्बा,

गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप आणि स्प्रिंगा मी घरीच बदलल्या, आणि बदललेल्या स्प्रिंगा पुन्हा काढून ठेवाव्या लागल्या, त्याला कारण तुम्ही आहात. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायला भीती वाटत नाही. जिवंत होता तेव्हा तुमच्यावर चिडायची कुणाची टाप होती? आता माझे हात दुखतायत, कंबर धरलीय, नखांतलं ग्रीस साबणानं निघत नाही आणि राखेनंही निघत नाही. घरात बोलायला कुणी नाही असं नाही, पण जे बोलायचंय ते घरात बोलता येत नाही, म्हणून दुपारचं ओट्यावर बसून हे लिहितोय. मराठीत लिहितोय. घरात आपण निम्मं आपलं आणि निम्मं मराठी बोलायचो, पण मला शाळेत लिहायला शिकवलं ते एवढंच. आणि तुम्हाला तर कुठलंच लिहिलेलं वाचता यायचं नाही, तेव्हा भाषेचा प्रश्न तसाही मिटला.

तुम्ही ही गाडी पाहिलेली नाही. दूध संघातून रिटायर झालो तेव्हा घेतली, जुनीच, पांढरी, लहानशी. तुम्ही तिला गाडी म्हणालाच नसता, डबा म्हणाला असता. जन्मभर ट्रकाखाली पोलादी पाट्यांच्या कमानी चढवलेला माणूस, त्याला चार माणसांची गाडी म्हणजे पोरखेळ. घेतली होती लेकीकडं संगमनेरला जायला-यायला. पण गेलं वर्षभर ती एकच रस्ता चालतेय, नेवाशाहून नगर आणि नगरहून नेवासा. तुमच्या सुनेला मोठं दुखणं लागलंय. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, घरातही कुणी घेत नाही, नुसतं 'ते' म्हणतो. नगरच्या दवाखान्यात तिला ठरलेल्या गुरुवारी न्यायचं, दिवसभर सलाईनमधून औषध जातं, आणि संध्याकाळी आणायचं. डॉक्टर सरळ आहेत, गोड बोलून फसवत नाहीत. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे बरं व्हायचं नाही, पण औषध चालू ठेवलं तर ताब्यात राहील, सोडलं तर राहणार नाही. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लेकीनं विचारलं होतं. तिलाही नीट उत्तर मिळालं नाही, पण तेव्हापासून एकही गुरुवार चुकवायचा नाही हे तिनं धरून ठेवलंय, आणि रोज संध्याकाळी फोन करून ती आधी तेच विचारते.

दुखणं आता पाठीच्या मणक्यात उतरलंय. घरात ती हळूहळू वावरते, खुर्चीत बसते, बोलते, मला टोमणे मारते. पण गाडीत बसली की तिचे हाल व्हायचे. आपला रस्ता तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वेळेपेक्षा रुंद झाला, पण खड्डे आहेतच, आणि आता प्रत्येक वस्तीपुढं गतिरोधक. त्यात माझ्या गाडीचे पुढचे शॉकअप पार गेलेले. खड्ड्यात चाक गेलं की गाडी धाडकन खाली बसायची, लोखंडावर लोखंड वाजायचं, आणि मग बराच वेळ तोंड वर-खाली करत राहायची. ती ओरडायची नाही. दाराच्या वर धरायला मूठ असते, ती दोन्ही हातांनी धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. इमामपूरच्या घाटात मी दुसऱ्या गिअरवर बैलगाडीसारखी गाडी काढायचो, मागचे ट्रकवाले शिव्या घालायचे. मागल्या खेपेला घरी आल्यावर तिला उतरवून घेतलं, तर ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी न्हाई येनार आता. त्या गाडीत मी पुन्यांदा बसनार न्हाई."

मी म्हटलं दुसरी गाडी करू. नको म्हणाली, परत येताना उलट्या होतात, लोकाची गाडी घाण होते, लाज वाटते. लेकीनं फोनवर ॲम्ब्युलन्सचं काढलं, तर म्हणाली मी मेले का झोपून जायला. म्हणजे राहिली आमचीच गाडी, आणि तिच्यात ती बसणार नाही. लेक मला म्हणाली, पप्पा, काहीही करा, पण गाडी नीट करा, तेवढ्यावरून अम्मीचं औषध बंद पडायला नको. बरोबरच होतं. गाडीचं दुखणं निदान बरं होण्यासारखं होतं. गावातल्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर त्याच्याकडं लग्नसराईच्या गाड्या, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला. आमचा गुरुवार त्याच्या आधी येत होता. आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. कमानवाल्याचा पोरगा, आणि दोन शॉकअपसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहणार? अंगात खुमखुमी होती. तुमचीच, दुसरी कुणाची असणार.

फाट्यावरचं तुमचं दुकान मला अजून नाकात येतं. पत्र्याचं छप्पर, मागं भट्टी, जळक्या तेलाचा वास, आणि समोर एकामागं एक उभ्या असलेल्या गाड्या, कुणी कांद्याची, कुणी उसाची. कारखाने सुरू झाले की तुम्हाला जेवायला सवड नसायची. ड्रायव्हर उतरतो आणि लांबूनच म्हणतो, मिस्त्री, गाडी बसली बघा. तुम्ही जागचे हलत नाही. विडी संपवता, मग गाडीच्या मागं जाऊन उकिडवे बसता आणि नुसते बघता. कमान तुटली असली तर तुमचा चेहरा बरा असायचा. तुटलेला पाटा काढायचा, दुसरा घालायचा, काम संपलं. बसलेली कमान तुम्हाला आवडायची नाही. तिचे पाटे एकेक करून सुटे करायचे, भट्टीत लाल करायचे, घणाखाली पुन्हा वाक आणायचा, तेलात बुडवायचे, आणि एवढं करून ती किती दिवस ताठ राहील ते अल्ला जाणे. मी एकदा विचारलं होतं की बसलेली कमान फेकून का देत नाही. तुम्ही म्हणालात, बसली म्हंजे मेली न्हाई, दमली. मला ते तेव्हा फार काही वाटलं नव्हतं, मी हातातला भाता मारत राहिलो.

आणि तुमचा तो एक पाटा जादा. कमान जोडताना जितके पाटे असायला हवेत त्याहून एक तुम्ही वरचा घालायचाच. गिऱ्हाइकानं सांगितलेलं असो-नसो. कारखान्यावर वजनकाट्याला लागलेल्या गाड्या बघून तुम्ही हे शिकला होता, कारण कुठलाही मालक सांगितल्याएवढा माल भरत नाही. कडक म्हणजे चांगलं, हे आपल्या घरात कलम्यासारखंच पाठ होतं. चहा कडक, इस्त्री कडक, मास्तर कडक, कमान कडक. एकदा तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेला होता आणि घोडेगावकडचा एक माणूस जीप घेऊन आला. म्हणाला, घरची माणसं बसतात, फार आदळते, जरा मऊ करून दे. मी त्यातला एक पाटा कमी करून कमान चढवत होतो, तेवढ्यात तुम्ही टोपी खिशात घालत आलात. मला कमान आवळलेले यू-बोल्ट सोडायला लावलेत. काढलेला पाटा परत घालायला लावलात, आणि वर आणखी एक. तो माणूस कुरकुरला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "मानूस काय, मानूस धरून बसतो. माल धरून बसत न्हाई." समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत हशा पिकला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मान खाली घालून मी नट आवळत होतो तरी पटलं, आणि मग जन्मभर पटलेलंच राहिलं.

तुमच्या सुनेशी तुम्ही फारसं बोलत नव्हता. ती या घरात आली तेव्हा तुम्ही थकायला लागला होता, आणि सून समोर आली की खाकरून बाहेर निघून जायचा. पण ती एकदा बोथट विळीवर मेथी चिरताना तुम्ही उंबऱ्यातून पाहिलंत, आणि काही दिवसांनी एका मोडक्या पाट्याची विळी घडवून आणलीत. पातं इतकं जाड की ती पहिल्यांदा हसलीच, म्हणाली हिच्यावर काय ट्रक चालवायचा का. तुम्ही खाली बघून एवढंच म्हणाला होता, बोट सांभाळ. त्या विळीवर तिनं आमचा सगळा संसार चिरला. आता तिला खाली बसवत नाही, टेबलावर सुरी घेऊन बसते, आणि सुरीला रोज नावं ठेवते.

तर मी नगरला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानात शॉकअपची जोडी घेतली, वरची रबरं, रबरी ठोकळे आणि बेअरिंग घेतले, आणि स्प्रिंगा मागितल्या. दुकानदार माझ्याएवढाच असेल, त्यानं कंपनीसारख्या स्प्रिंगा काढून काउंटरवर ठेवल्या. मी एक उचलून बघितली. तार मला बारीक वाटली. मी विचारलं, यापेक्षा कडक आहे का? तो म्हणाला, आहे, फाट्यावरून पॅसेंजर भरणारे टाकतात ती, जाड तारेची. मग त्यानं विचारलं, गाडीत माणसं किती असतात? मी म्हटलं दोन. तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, चाचा, दोन माणसांना ही कशाला? आणि अब्बा, मी त्याला काय सांगितलं असेल? मी त्याला ऐटीत सांगितलं की आमच्याकडं एक पाटा जादा टाकायची पद्धत आहे. त्यानं पुढं वाद घातला नाही. गिऱ्हाईक शहाणं असलं की दुकानदार गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कामाला लागलो. ती ओट्यावर खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, जॅक लावला, खाली बाभळीचे ठोकळे सरकवले, चाक काढलं. ब्रेकचा पाईप शॉकअपला एका पट्टीनं धरलेला असतो तो सोडवला. खालचे दोन मोठे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, त्यांना तेल पाजलं आणि बसून राहिलो, तेल मुरायची वाट बघत. तुम्ही असता तर वाट बघितली नसती. ती ओट्यावरून म्हणाली, अब्बा असते तर एव्हाना घन घातला असता. मी म्हटलं, आणि गाडीचं तोंड वाकडं करून ठेवलं असतं. ती हसली. किती दिवसांनी हसली होती. शेवटी पाईपचा तुकडा पान्याच्या मागं घालून जोर केला तेव्हा बोल्ट करकरला आणि सुटला. बॉनेट उघडून वरचे नट काढले आणि शॉकअप स्प्रिंगेसकट हातात आला, भरल्या कळशीएवढा जड.

तुम्हाला ही गुंडाळी स्प्रिंग कधीच पसंत नव्हती. कमानीचं कसं, समोर दिसतं कुठं ताण आहे ते. ही मात्र दाबून आत बसवलेली असते, आणि वरचा नट तसाच सोडला तर माणसाचं तोंड फोडते. म्हणून आधी आकड्यांचे दोन लांब स्क्रू तिला समोरासमोर अडकवायचे आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा, थोडा थोडा आवळत तिला दाबत आणायचं. ते स्क्रू मी दूध संघातल्या जुन्या मेकॅनिककडून मागून आणले होते. जुनी स्प्रिंग मुकाट्यानं दबली. शॉकअप सुटा केला, तर त्याची दांडी बोटानं खाली गेली आणि तिथंच राहिली, वर यायचं नाव नाही. आतलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. खालचा रबरी ठोकळा कुजून त्याचा भुगा झाला होता. तो धाडकन आवाज यायचा तो याचा. मी ते सगळं तिला नेऊन दाखवलं, हे बघ, हे तुझ्या पाठीत बसत होतं. तिनं हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं.

नवी जाड स्प्रिंग दाबताना मात्र माझा जीव गेला. दंड भरून आले, घाम डोळ्यात गेला, मध्ये दोनदा उठून पाणी प्यायलो. पण जितकी ती दबायला नको म्हणत होती तितका मी आतून खूश होत होतो. वा, काय कडक माल आहे. दोन्ही बाजू चढवून चाकं लावून जॅक काढला, तेव्हा गाडीचं तोंड चांगलं वर आलं होतं, छाती काढून उभी असल्यासारखी. मी तिला म्हटलं, चल, कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतो. ती नको-नको म्हणत पदर सावरून बसली. गल्लीच्या तोंडाला गतिरोधक आहे, त्याच्यावरून मी मुद्दाम नेहमीच्या वेगानं गाडी घातली. गाडी वाजली नाही. खाली बसली नाही. एखाद्या रिकाम्या टेम्पोसारखी टणकन उडाली आणि टणकन खाली आली. पुढं सगळी गल्ली तशीच. जमिनीतला प्रत्येक खडा सीटमधून वर येत होता. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मूठ धरली होती, दोन्ही हातांनी, डोळे मिटून. गाडी मागं घेऊन घरापाशी आणली तेव्हा ती बराच वेळ उतरलीच नाही. मग म्हणाली, "बसलेली हुती तीच बरी हुती."

तेव्हा मला तुमचा असा राग आला, अब्बा, की तुम्ही समोर असता तर मी पहिल्यांदा तुम्हाला उलटून बोललो असतो. माणूस धरून बसतो म्हणे. धरून बसतो म्हणजे काय करतो, ते तुम्ही कधी वळून पाहिलं होतं का? तुमच्या दुकानासमोरून त्या जीपमध्ये बसून जी माणसं गेली, त्यात कुणी म्हातारं असेल, कुणी पोटुशी असेल, कुणाला काय दुखत असेल. त्यांनी सगळ्यांनी धरून बसायचं, कारण फाट्यावरच्या मिस्त्रीला माल महत्त्वाचा. आणि मी त्याच मिस्त्रीचा पोरगा, घरातल्या एका दुखऱ्या बाईसाठी पॅसेंजरच्या गाडीच्या स्प्रिंगा ऐटीत घेऊन आलो. तुम्हाला तरी कांदा आणि ऊस दिसत होता. माझ्या गाडीत काय भरलेलं होतं? तिची पिशवी आणि पाण्याची बाटली. रात्री जेवण गेलं नाही. तिनं विचारलं का जेवत नाही, तर मी म्हटलं दात दुखतोय.

सकाळी उठून पुन्हा सगळं सोडलं. तोच जॅक, तेच ठोकळे, तेच स्क्रू, फक्त आता अंगात काही राहिलं नव्हतं. जुन्या स्प्रिंगा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या त्या डिझेलनं पुसून घेतल्या. कुठं तडा गेला आहे का बघितलं. तुम्ही पाट्यावर हातोडीनं टिचकी मारून कान लावायचा, फुटका पाटा बद्द वाजतो म्हणायचा, तसं मी दोन्ही स्प्रिंगांवर मारून ऐकलं. स्वच्छ वाजल्या. थोड्या खचल्या होत्या, उंचीला बोटभर कमी भरत होत्या, पण आत काही तुटलेलं नव्हतं. त्याच मी नव्या शॉकअपवर घातल्या. स्प्रिंगेचं टोक खालच्या बशीतल्या खाचेत बसलं का ते चाचपून पाहिलं, नवी रबरं, नवे रबरी ठोकळे पुन्हा घातले, आणि सगळं आवळून टाकलं. म्हणजे शेवटी तुमचंच एक म्हणणं खोटं ठरवून तुमचंच दुसरं वापरलं. तुमच्यापासून सुटका नाही ती नाहीच. दुपारी तिला कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं. गतिरोधकावरून गाडी हळूच वर गेली, हळूच खाली आली, आणि तिथंच स्थिरावली, परत उसळली नाही. तिचे हात मांडीवर होते. ती म्हणाली, जमलं की. लेकीला फोन केला, ती फोनवरच रडायला लागली.

काल गुरुवार होता. पहाटे निघालो. घोडेगाव मागं पडलं तरी तिनं मूठ धरली नव्हती. घाटात मला वाटलं आता धरील, तर बघतो तर तिला डोळा लागलेला, मान काचेकडं कललेली. दूध सांडू नये म्हणून बाई चालते तशी मी गाडी चालवली. दवाखान्यात दिवस नेहमीसारखाच गेला. औषध जाताना तिचे ओठ पांढरे पडतात, हात गार होतात, आणि ती भिंतीकडं तोंड करते. बाहेरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की आता गाडीची काळजी मिटली, उन्हाळा निघेल, पावसाळाही निघेल.

परतताना पांढरीपुलाला चहाला थांबलो. तिला उतरायचं नव्हतं, मी दोन्ही कप गाडीतच आणले. तिनं नुसता हातात धरला. ऊस वाहणारी एक गाडी गेली, मागून दुसरी गेली. मग तिनं कप माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, गाडी लई चांगली झाली, अजिबात लागलं नाही पाठीला. मी म्हटलं, मग झालं तर. तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. म्हणाली, गाडीचं मी आपलं सांगत होते. गाडी चांगली नव्हती तोवर सांगायला बरं पडत होतं. "मला न्हाई घ्यायचं आता ते औषद. त्यापरीस घरी ऱ्हाऊ द्या मला. आनि तुमी बी दमलाय."

मी समोरच्या काचेकडं बघत होतो. गाडी नीट करू, एवढंच माझ्याकडं बोलायला होतं, आणि ते मी दोन दिवस अंगणात बसून स्वतःच संपवलं होतं. मी म्हटलं, बरं. मग दोन्ही कप टपरीवर नेऊन दिले आणि गाडी चालू केली. नेवासा येईपर्यंत ती माझ्याशी कितीतरी बोलली, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या म्हशीचं. किती दिवसांत ती इतकी बोलली नव्हती.

रविवारी लेक येणार आहे. ती आईशी भांडेल, मग माझ्याशी भांडेल, आणि विचारेल की पप्पा, तुम्ही अम्मीला समजावलं की नाही. मी तिला सांगणार आहे की पुष्कळ समजावलं, हातापाया पडलो, ऐकतच नाही. तिला हेच ऐकायला मिळणार, आणि ते तिला जन्मभर पुरायला हवं. म्हणून हा कागद तिच्या हाती पडता कामा नये. तुम्हाला वाचता येत नाही, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे. मी तुमच्या सुनेला एका शब्दानं समजावलं नाही, अब्बा. ती 'नको' म्हणाली तेव्हा मला आधी हायसं वाटलं, वाईट नंतर वाटलं. आणि 'तुमी बी दमलाय' म्हणून ती माझ्याकडं बघत थांबली होती, तेव्हा नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही.